टिपकागद खपवायला भिवंडीला

भिवंडीला चाललेय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "का गं?" महाबळेश्वरला चाललेय म्हटलं की कोणी असं विचारत नाही. "बघण्यासारखं काय आहे तिकडे?" मी म्हटलं, "गोदामं." त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की घरात सगळं ठीक आहे ना, असंच विचारतात की काय असं वाटलं. परत येऊन आठवडा झाला तरी लिफ्टमध्ये चौकशी चालूच आहे. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जे सॉफ्टवेअर लागतं ते आम्ही बनवतो, म्हणजे सुताराला रंधा विकावा तसं. आमच्या मालाचं नाव टिपकागद. गोदामात कोणी मोबाइलनं बारकोड स्कॅन करतंय आणि नेमकी रेंज गेली, तर टिपकागद ते स्कॅन जपून ठेवतो आणि रेंज आली की पुढे पाठवतो. डेव्हलपरनं तो आपल्या अ‍ॅपमध्ये बसवायचा, आणि त्यानं तो बसवावा म्हणून त्याच्या मागे लागायचं, ही माझी नोकरी. मोठी अवघड जमात आहे ही. जाहिरात दिसली की तोंड फिरवतात, गोड बोललं की संशय घेतात, फुकट दिलं की "यात गोम काय?" विचारतात. मी स्वतः दहा वर्षं कोड लिहिलाय, तेव्हा मीही अशीच होते. आताही फार सुधारलेय असं नाही.

तर आमचा बॉस निखिल म्हणाला, "मेधा, सोमवारी मोठी मीटिंग आहे. शुक्रवारपर्यंत मला भिवंडीच्या पट्ट्यातला एक डेव्हलपर हवा. एकच. खऱ्या गोदामात, खऱ्या मालावर टिपकागद चालवलेला. नाही मिळाला तर डेव्हलपरांचं तुझं टेबल बंद करावं लागेल. मग तू सेल्सला बस." सेल्स म्हणजे सकाळी दहापासून लोकांना फोन करून "सर, दोन मिनिटं आहेत का?" विचारायचं. माझ्या अंगावर काटाच आला. दोन खोकी टी-शर्ट आणि ढीगभर स्टिकर घेऊन मी निघाले.

मंगळवार, भिवंडी

गावात शिरल्यापासून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. गल्लीत, चहाच्या दुकानात, हॉटेलच्या खोलीत, सगळीकडे. पहिला तासभर माझं डोकं उठलं, मग ती ऐकू येईनाशी झाली. दुपारी लाइट गेली आणि एकदम सगळं गाव गप्प झालं, तेव्हा मी दचकून खुर्चीतून उठले. चहावाला हसला. म्हणाला, "क्या मॅडम, शांततेला घाबरता? इधर सब को ऐसाच होता है."

कल्याण नाक्याजवळ एक छोटा हॉल घेऊन मी डेव्हलपरांना बोलावलं होतं. पुण्यात अशा कार्यक्रमाला साठ-सत्तर जण येतात. त्यातले निम्मे खाऊन जातात, पण येतात. इथे चौघे आले. पैकी एक जण हॉलच्या मालकाचा भाचा होता आणि तो फक्त पंखा चालतोय का ते बघायला आला होता.

मी टी-शर्ट वाटले. आता टी-शर्ट फुकट मिळाला की पुण्यातले डेव्हलपर कसे वागतात ते मला ठाऊक आहे, दोन-दोन नेतात. इथे सलीम नावाच्या माणसानं तो हातात घेतला, अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळला, उजेडाकडे धरला, आणि परत माझ्या हातात दिला. त्याच्या वडिलांचे माग आहेत आणि कामगारांच्या शिफ्टचं अ‍ॅप त्यानं स्वतःच शिकून लिहिलंय.

"मॅडम, बुरा मत मानना. हे कापड कुठून उचललं?"

"का? काय झालं?"

"दोन धुण्यांत पीळ पडेल. बाजूची शिलाई पोटावर येईल. आमच्या गावात येऊन हे वाटू नका, लोग आप के सॉफ्टवेअर को भी ऐसाच समझेंगे."

कापडाच्या गावात कापड वाटायला गेले मी! डोकं कुठे होतं माझं कुणास ठाऊक. सगळे हसले, मीही हसले, पण कान गरम झाले होते. सलीम मात्र भला निघाला. समोसा खात म्हणाला, "इथे जाहिरातीचं काम नाही. आम्ही सगळे एकाच माणसाला विचारतो. काल्हेरच्या दर्शनाला. तिनं हां बोललं तर पूरा पट्टा घेईल. ना बोललं तर बिस्तरा बांधा." आणि त्यानं लगेच तिला फोन लावून दिला.

बुधवार, काल्हेर

काल्हेरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक, ट्रकांमागे गोदामं, गोदामांमागे नव्या इमारती, आणि मध्येच कुठेतरी एखादं भाताचं शेत चुकून राहिल्यासारखं. दर्शनाचं घर तीन मजली, पिवळंधमक, दारात तुळस आणि मोठी गाडी. हे आगरी कुटुंब. वडील, म्हणजे नाना, पूर्वी शेती करायचे आणि खाडीत जाळंही टाकायचे. आता त्यांच्या शेतावर दोन गोदामं उभी आहेत. दर्शना तिशीची असेल. वरच्या मजल्यावर बसून ती या गोदामांची सॉफ्टवेअरं लिहिते.

मी पिशवीतून लॅपटॉप काढायला लागले तर नाना म्हणाले, "ठेव गो बाय तो डबा. आदी जेवान."

"अहो, आत्ता तर साडेअकरा..."

"मंग? पोटाला घड्याल हाय का?"

ताटात तांदळाची भाकरी, निवट्यांचं कालवण आणि चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते डोळे वटारलेले मासे. आमच्याकडे मासा म्हणजे सुरमई किंवा पापलेट, तोही हॉटेलात, काटा काढून. मी निवटी तोंडात टाकली आणि पुढची दहा मिनिटं बोललेच नाही. असं कालवण मी जन्मात खाल्लं नव्हतं. चिंबोरी फोडताना मात्र घोटाळा झाला. नांगी दातांत धरून दाबली ती सटकली आणि थेट नानांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांनी नांगी उचलली, फोडून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "आता तू घरची झालीस. आमच्याकडं जेवलेल्या मानसाला आमी कदी न्हाय म्हनत न्हाय."

हे ते हसत म्हणाले, पण गंमत म्हणून नव्हे. मी यायच्या आधी शेजारचा एक जण जेवून गेला होता, तो पोराला गोदामात लावून घ्या म्हणायला आला होता, आणि पोरगा कामाला लागलाही होता. मी मनात नोंद केली. नोकरीच तसली माझी.

जेवणानंतर दर्शना मला गोदामात घेऊन गेली. वर पत्र्याचं छप्पर, आत शिरलं की मोबाइलची रेंज गायब. कापडाच्या गाठी ट्रकातून उतरत होत्या आणि बाळाराम मुकादमाची टोळी त्या रचत होती. वीस गाठी उभ्या लागल्या की एकविसावी आडवी. म्हणजे लांबून नुसत्या आडव्या गाठी बघितल्या तरी किती माल उतरला ते कळतं. बाळाराम तोंडात तंबाखू धरून उभा होता, एकही आकडा न बोलता.

दर्शनानं तिची अडचण सांगितली. तिचं अ‍ॅपही स्कॅन जपून ठेवतं, पण मध्येच अ‍ॅप बंद पडलं तर शेवटचे चार-पाच स्कॅन उडतात. शुक्रवारी एका मोठ्या कंपनीची माणसं येणार होती. एक ट्रक उतरवून बघायचा, मोजणी जुळली तर त्यांच्या सगळ्या शेडचं काम तिला. "मला दोन मुली कामावर घ्यायच्यात, इथल्याच. हे काम मिळालं तर जमेल," ती म्हणाली.

अहो, हे ऐकून मला उड्या माराव्याशा वाटल्या! तिची जी अडचण, त्यावरच तर टिपकागदचा उतारा. मी दहा मिनिटांत सगळं समजावलं. तिनं चार प्रश्न विचारले, चारही असे की आमच्या इंजिनिअरांना घाम फुटावा. मग घरी येऊन तिनं आमच्या साइटवर नाव नोंदवायला घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कृपया आपल्या कंपनीचा ईमेल वापरा.’

"दोन वर्षांपूर्वी पण हेच आलं होतं," ती म्हणाली. "माझा जीमेल आहे. इथे सगळ्यांचा जीमेलच असतो. सलीमला पण हाकललं होतं यानं. म्हणून मग मी माझं मीच लिहिलं."

तो नियम मी टाकला होता. स्वतः. दोन वर्षांपूर्वी सेल्सवाले ओरडत होते की विद्यार्थी आणि रिकामटेकडे जीमेलनं नोंदणी करतात आणि आमचा वेळ खातात. मी म्हटलं, जीमेलच बंद करू. मीटिंगमध्ये कौतुक झालं होतं माझं. आणि त्यानंतरच्या प्रत्येक अहवालात मीच लिहीत होते, ‘भिवंडी पट्ट्यातून मागणी दिसत नाही.’

"काहीतरी तांत्रिक असेल," मी म्हणाले. "तू आत्तापुरतं माझंच लॉगिन घे." आणि वर निर्लज्जासारखा दुसरा चहा मागून घेतला.

गुरुवार, वज्रेश्वरी

नानांचा दर मार्गशीर्षात एक गुरुवार वज्रेश्वरीला जायचा नेम. मलाही गाडीत घातलं. भिवंडी मागे पडली की ट्रक विरळ होतात, वालाचे मळे लागतात, थंडीत धूर सोडणारी घरं लागतात. देवीचं देऊळ किल्ल्यासारखं, पायऱ्या दमवणाऱ्या. नाना सत्तरीचे असूनही माझ्याआधी वर. मी तिसऱ्यांदा थांबले तेव्हा वरून हाक आली, "पुण्यात पायऱ्या न्हाय का गो?"

दर्शन झाल्यावर नाना ओळखीच्या दुकानदाराकडे गप्पा मारायला बसले आणि आम्ही दोघी जवळच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. पाणी इतकं कडक की पाय घालताना मी किंचाळले. पलीकडे गुडघेदुखीच्या आज्या गळ्यापर्यंत बुडून निवांत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हळूहळू घाल, एकदम घातलंस की चावतंय." पाच मिनिटांनी पाय आत गेले आणि इतकं बरं वाटलं की विचारू नका.

बरं वाटलं आणि तोंडून निघून गेलं. "दर्शना, तो जीमेलचा नियम मीच टाकलाय."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तांत्रिक म्हणालात."

"हो. लाज वाटली म्हणून."

तिनं पाय पाण्यातून काढले. "ताई, तेव्हा मी नवीन होते. ती लाल ओळ बघितली आणि वाटलं, बरोबर आहे, आपली कुठली कंपनी, आपण गोदामवाल्याची पोरगी. आठ दिवस लॅपटॉप उघडला नव्हता मी." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "काढा तो नियम. आत्ता, माझ्यासमोर."

निखिलला विचारलं असतं तर त्यानं मीटिंग लावली असती. मी विचारलंच नाही. ओले हात ओढणीला पुसले, फोनवरून आमच्या साइटच्या आत गेले, आणि ती ओळ काढून टाकली. एवढुंसं काम, दोन मिनिटांचं. दर्शनानं स्वतःच्या फोनवर उघडून खात्री करून घेतली. येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली, पण खिडकीबाहेर बघत. वाटेत अंबाडी गावाला नानांनी गाडी थांबवून भजी घेतली तेव्हा तिनं पुडा माझ्यापुढे धरला. तिखट होती, पण मी निमूट खाल्ली.

शुक्रवार, पुन्हा काल्हेर

कंपनीची माणसं बारा वाजता येणार होती. दर्शनानं तिच्या अ‍ॅपमध्ये टिपकागद बसवला होता. आधी एकदा करून बघू म्हणून सकाळी नऊला आम्ही गोदामात. बाळारामनं टोळीला हाक दिली, गाठी उतरायला लागल्या, दर्शना प्रत्येक गाठीवरचं लेबल स्कॅन करत गेली. बीप, बीप, बीप. मी तिथेच मनातल्या मनात सोमवारच्या मीटिंगचं भाषण लिहायला घेतलं होतं. दोन आडव्या गाठी लागल्या तेव्हा बाळारामनं हात वर केला.

"बेचालीस," तो म्हणाला.

दर्शनानं फोन बघितला. मग मला दाखवला. फोनवर आकडा होता एक.

बेचाळीस गाठी, आणि एक! अ‍ॅप बंद करून उघडलं, तरी एक. मग दर्शनानं दोन गाठींची लेबलं शेजारी धरली आणि मला भोवळच आली. दोन्ही सारखी. इथे एका लॉटच्या सगळ्या गाठींना एकच लेबल असतं, मागमालक त्याच्या प्रती काढून प्रत्येक गाठीवर डकवतो. पिढ्यान् पिढ्या एका लॉटचा माल एकच मानला जातो, गाठीगाठीला वेगळं नाव द्यायची कोणाला गरजच पडली नाही. आणि आमच्या टिपकागदची सगळ्यात मोठी फुशारकी कोणती? ‘एक बारकोड, एक नोंद. चुकून दोनदा स्कॅन झालं तरी आम्ही गाळून टाकतो.’ ते वाक्यही माझंच. पोस्टरवर छापलं होतं.

"माजे डोल्यांना तर बेचालीस दिसतान," बाळाराम म्हणाला आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

मी आमच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, दुरुस्ती होईल, दोन आठवडे द्या. मग निखिलचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो पटकन म्हणाला, "यात काय आहे? अजून दोन-अडीच तास आहेत. आजच्या ट्रकपुरती वेगवेगळी लेबलं छापून घ्या ना. आज पास झालं की झालं. पुढचं पुढे बघू."

"आणि उद्यापासून? रोजच्या ट्रकला?"

"मेधा, तिला तुझ्या टेबलाचं सांग. सरळ सांग की शुक्रवार हुकला तर माझं काम जातं. चांगली माणसं आहेत म्हणतेस ना? नाही म्हणणार नाहीत."

मी फोन ठेवला. गोदामाच्या दारात नाना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. लेबल छापणारा दोन दुकानं सोडून होता, मी येतानाच पाहिला होता. मनात आलं, सांगावं. खोटं थोडंच आहे? माझं टेबल खरंच जाणार होतं. आणि सांगितलं की नाना काय म्हणतील ते मला बुधवारीच कळलं होतं. खरं सांगते, मी दोन पावलं त्यांच्याकडे टाकलीही.

मग वळून दर्शनाकडे गेले. "काढ ते," म्हटलं. "तुझंच चालव, ते प्रत्येक बीप वेगळी मोजतं. शेवटच्या चार स्कॅनचं आपण सांभाळू."

"नक्की?"

"नक्की. वेळ घालवू नकोस."

बाराला ती दोन माणसं आली. ट्रक लागला. दर्शना स्कॅन करत होती, मी तिच्यामागे पॉवर बँक धरून चालत होते, आणि फोनवर दुसरा कोणाचा कॉल येऊन अ‍ॅप बंद पडू नये म्हणून तिनं सिमच काढून ठेवलं होतं. टोळी एका लयीत चाललेली, बाळाराम नेहमीसारखा गप्प. शेवटची गाठ उतरली तेव्हा दहा आडव्या होत्या आणि फोनवर दोनशे दहा. कंपनीच्या माणसानं पुन्हा हातानं मोजलं. दोनशे दहा. त्यानं दर्शनाचा हात हातात घेऊन हलवला, आणि मी मोठ्यानं शिट्टी वाजवली. चाळीस वर्षांची बाई, गोदामात शिट्टी! बाळारामसुद्धा हसला.

टिपकागद काढल्याचं मी निखिलला कळवलं होतं, त्याच गडबडीत त्याचा मेसेज आला. ‘सोमवारपासून सेल्स. सॉरी.’ मी फोन पर्समध्ये टाकला आणि पेढे आणायला निघालेल्या नानांना म्हटलं, मलाही दोन जास्त.

दुपारी बसला निघताना दर्शना सोडायला आली. सलीमनं तिला फोन करून काहीतरी सांगितलं असावं, कारण मंगळवारी समोसे खाताना मी त्याच्याजवळ टेबलाचं बोलून गेले होते. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, तुमचं काम जाणार होतं?"

"गेलं. त्यात काय, सेल्सला बसायचं. फोन तर करायचे."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत! सकाळी नाही, काल कुंडावर नाही. एवढं सगळं सांगितलंत, मग हेच का नाही?"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस?"

बस आली होती, कंडक्टर घाई करत होता, मी एक पाय पायरीवर ठेवला.

"लेबलं छापून आणली असती," ती म्हणाली.

"म्हणून नाही बोलले," मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.